हिवाळ्यातील पॉलिश आणि आमची घाई

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या ग्वाल्हेरीतील ख्रिस्ती घराघरांतून एक ओळखीची धांदल उडते. भिंतींना चुना लागतो, पडदे धुतले जातात, गव्हाणीची मातीची चित्रे पेटीतून बाहेर निघतात, आणि कोणाच्या ना कोणाच्या मनात हटकून येते की, नाताळापूर्वी घरातील टेबल, बाळाचा पाळणा अथवा क्रुसाखालची फळी पॉलिश करून घ्यावी. हेतू उत्तम आहे. परंतु वेळ मात्र अगदी प्रतिकूल आहे. जे काम शरद ऋतूत सुखाने होते, तेच पौषाच्या धुक्यात हट्टाने करविले तर लाकूड आणि कारागीर या दोघांवरही कसा अन्याय होतो, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो आहोत. ती चूक आज वाचकांपुढे मांडतो. ती झाकून ठेवण्याने कोणाचेच हित होण्यासारखे नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील ही हकीकत आहे. आमच्या चर्चमधील आठ सागवानी बाके आणि वाचनपीठ पार कळाहीन झाली होती. ती नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वी चकचकीत व्हावीत, अशी आमची इच्छा. चर्चच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिला तीन बाजूंनी विटांच्या भिंती, चौथ्या बाजूस लाकडी दार, खाली दगडी फरशी. ऊब म्हणून नाही. येथे डिसेंबरच्या उत्तरार्धात पहाटे पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो आणि धुके कित्येकदा नऊ-दहा वाजेपर्यंत हलत नाही. अशा त्या शेडमध्ये आम्ही मिस्त्रींना बोलाविले. मिस्त्री आमच्याहून वीस वर्षांनी वडील. लष्कर भागात पिढ्यान् पिढ्या सुतारकाम करीत आलेल्या मराठी घराण्यातले. त्यांनी बाकांवरून हात फिरविला, पत्र्याकडे पाहिले आणि म्हणाले, "फादर, हे काम दिवाळीच्या सुमारास सांगायला हवे होते. आता संक्रांत होऊन जाऊ द्या. या धुक्यात चपड्याचा हात बसायचा नाही."

आम्ही हसून उत्तर दिले, "मिस्त्री, तुम्ही तेवढे वेळेवर या. हवेचे आम्ही पाहून घेऊ."

मिस्त्री यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या वीस वर्षांच्या मदतनीसाला घेऊन कामाला लागले. जुने पॉलिश खरवडले गेले, पॉलिश पेपरने लाकूड गुळगुळीत झाले. 20 डिसेंबरला सकाळी नऊ वाजता, बाहेर धुके दाटलेले असताना, आमच्याच आग्रहावरून पहिल्या चार बाकांना चपड्याचा हात देण्यात आला. काही मिनिटांतच सागवानाच्या त्या सुरेख तांबूस रंगावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर चढला. फडक्याने पुसला तरी तो निघेना. मिस्त्रींनी हात थांबविला.

दुपारी समितीतील एक गृहस्थ पाहण्यास आले. त्यांनी तेथल्या तेथे निदान केले की, स्पिरिटात पाणी मिसळलेले आहे. स्पिरिट मिस्त्रींनीच विकत आणले होते. तेव्हा उरलेली मजुरी रोखून धरावी, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्हांला मिस्त्रींचा इशारा आठवत होता. हात सकाळीच द्या असे आम्हीच सांगितले होते, हेही ठाऊक होते. तरीदेखील आम्ही गप्प राहिलो. वाचकहो, पॉलिश बिघडले हा अपघात होता. परंतु ते गप्प राहणे हा आमचा अपराध होता.

आणि तेवढ्यावर भागले नाही. थंडी हेच जर कारण असेल तर थंडी घालवू या, असा सोपा विचार करून त्या संध्याकाळी आम्ही कोळशाची पेटती शेगडी शेडमध्ये ठेवविली आणि ऊब निघून जाऊ नये म्हणून दार लावून घेण्यास सांगितले. रात्री मिस्त्री चहासाठी बाहेर गेले असता मदतनीस एकटाच आत लाकूड घाशीत होता. मिस्त्री परतले तो हा मुलगा बाकाला टेकून बसलेला, डोके धरून, ओकारीने बेजार झालेला. त्यांनी दार सताड उघडले, मुलाला ओढून अंगणात आणले आणि मागाहून शेगडी बाहेर काढली. स्पिरिटची बाटली त्या शेगडीपासून दोन हातांवर होती. मुलाला रुग्णालयात नेले, प्राणवायू दिला, आणि परमेश्वराच्या कृपेने तो सकाळी घरी आला. त्या रात्री आम्ही रुग्णालयाच्या बाकावर बसून होतो. आठ बाकांच्या चकाकीसाठी आपण एका आईचा मुलगा पणास लावला होता, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडले. मिस्त्रींनी आम्हांला आणि त्या समितीतील गृहस्थांना अंगणात बोलाविले. सागवानाचा एक उरलेला तुकडा त्यांनी तासभर उन्हात ठेवला होता. तो सावलीत घेऊन, कालच्याच बाटलीतील कालचेच पॉलिश त्यांनी त्याच्यावर लावले. आम्ही तिघेही उभे राहून पाहत होतो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. तुकडा आरशासारखा स्वच्छ राहिला. स्पिरिटात पाणी असते तर उन्हातही त्याचा काही ना काही डाग दिसला असता. मिस्त्रींनी एवढेच म्हटले, "बाटली तीच आहे, साहेब. हवा तेवढी बदलली."

आता ही हवा नेमके काय करते, ते सांगितले पाहिजे. चपडा म्हणजे लाख. लाखेचे इवलेसे किडे कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर आपल्या अंगातून राळेसारखा जो पदार्थ सोडतात, तो गोळा करून, वितळवून, पातळ पापुद्रे काढले की चपडा तयार होतो. झारखंड, छत्तीसगड आणि आमचा मध्यप्रदेश या प्रांतांत पुष्कळ आदिवासी कुटुंबांचा हा जोडधंदा आहे. रांचीजवळील नामकुम येथे या लाखेच्या अभ्यासासाठी 1924 साली संस्था स्थापन झाली. हा चपडा स्पिरिटात विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाकडावर चढवितात. स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ पापुद्रा मागे राहतो.

स्पिरिट उडताना लाकडाची उष्णता घेऊन जाते. सुई टोचण्यापूर्वी परिचारिका दंडावर स्पिरिटचा बोळा फिरविते तेव्हा जो गारवा लागतो, तोच हा. आता हवेत नेहमी थोडी वाफ असते, आणि हवा ठराविक मर्यादेखाली गार झाली की त्या वाफेचे दव होते. या मर्यादेस दवबिंदू म्हणतात. धुक्याच्या सकाळी तापमान 10 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर दवबिंदू 8.4 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे लाकडाचा पृष्ठभाग अवघा दोन अंशांनी गार झाला की त्यावर दव धरू लागते, आणि उडणारे स्पिरिट एवढा गारवा सहज करते. ते सूक्ष्म दव ओल्या लाखेत अडकते आणि पापुद्रा पांढरा पडतो. त्याच दिवशी दुपारी तापमान 20 अंश आणि आर्द्रता 50 टक्के झाली, तर दवबिंदू 9 अंशांच्या किंचित वर राहतो. मध्ये जवळजवळ 11 अंशांचे अंतर पडते आणि दवाची भीती उरत नाही. मिस्त्रींना दवबिंदू हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु त्याचा अर्थ त्यांच्या बोटांना पुरता ठाऊक होता. आम्ही सेमिनरीत पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचले होते, आणि त्याचा आम्हांला त्या सकाळी काडीचाही उपयोग झाला नाही.

थंडीचा त्रास केवळ चपड्यालाच होतो असे नाही. मात्र प्रत्येक लेपाची तऱ्हा निराळी असते. जवसाचे तेल आणि तेलाचे व्हार्निश ही हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतात. ही क्रिया थंडीत मंदावते. तापमान 10 अंशांनी उतरले की वेग साधारण निम्म्यावर येतो, असा ढोबळ हिशेब धरावा. उन्हाळ्यात रात्रीतून सुकणारा हात हिवाळ्यात दोन-तीन दिवस चिकट राहतो आणि तेवढ्या वेळात त्यावर धूळ बसते. परंतु तेलाला धीर धरला तर ते अखेर सुकते. पाण्यात कालविलेल्या आधुनिक व्हार्निशचे तसे नाही. त्यातील बारीक कण एकमेकांत विरघळून एकजीव पापुद्रा व्हावा लागतो. तापमान फार कमी असले, आणि बहुतेक डब्यांवर 10 अंशांची मर्यादा छापलेली असते, तर पाणी निघून जाते पण कण एकजीव होत नाहीत. पापुद्रा खडूसारखा ठिसूळ राहतो आणि पुढे ऊन पडले तरी तो सुधारत नाही. पांढऱ्या डिंकाचेही असेच आहे. थंडीत जोडलेला सांधा वरून धरलेला दिसतो आणि खुर्चीवर कोणी बसले की उकलतो. जुन्या पद्धतीचा सरस तर थंड लाकडाला लागताच थिजतो. म्हणून जाणते सुतार सांधा अगोदर शेकून घेतात.

तर मग हिवाळ्यात लाकडाला हातच लावू नये काय? तसे नाही. हवेच्या कलाने वागल्यास पुष्कळ साधते. मिस्त्रींपासून आणि पुढील दोन हिवाळ्यांच्या अनुभवातून आम्ही जे शिकलो, ते असे.

पहिली गोष्ट, हवेपेक्षा लाकडाची ऊब महत्त्वाची. भिंतीवरील तापमापक 18 अंश दाखवीत असला तरी रात्रभर गारठलेले जाड सागवान आतून कित्येक तास थंडच असते. हाताचा पंजा उलटा करून लाकडाला लावावा. गार चटका लागला तर थांबावे. काम करावयाची वस्तू आदल्या रात्रीच राहत्या खोलीत आणून ठेवावी. थंड वस्तू एकाएकी उबदार खोलीत आणली तर तिला घाम फुटतो. म्हणून ती निदान काही तास तेथे रुळू द्यावी आणि कोरड्या फडक्याने पुसून मगच हात द्यावा.

दुसरी गोष्ट वेळेची. धुके विरून ऊन पडल्यावर, अकरा ते दोन हा काळ उत्तम. तीननंतर नवा हात देऊ नये. संध्याकाळी उतरणारे दव ओला हात गाठते. वस्तू उन्हात तापवून घ्यावी, परंतु उन्हातच लेप लावू नये. लाकूड तापत असताना त्याच्या छिद्रांतील हवा फुगते आणि लेपात बुडबुडे उठतात. सावलीत आणल्यावर ते निवू लागते, तेव्हा हवा आकसते आणि लेप आत ओढला जातो. हाच हात देण्याचा मुहूर्त होय. आजकाल तरुणांच्या मोबाईलवर तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू हे तिन्ही दिसतात. तापमान आणि दवबिंदू यांत चार-पाच अंशांचेही अंतर नसेल, तर त्या दिवशी बाटली उघडू नये.

तिसरी गोष्ट लेपाची. थंडीने व्हार्निश मधासारखे दाट होते, मग ब्रशच्या रेघा उमटतात आणि लोक घाईने त्यात टर्पेंटाईन ओततात. त्यापेक्षा चुलीपासून दूर, गरम पाण्याच्या भांड्यात डबा थोडा वेळ उभा करून ठेवावा. डबा कधीही आगीवर ठेवू नये. हात पातळ द्यावेत. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात लवकर सुकतात. पहिला हात पॉलिश पेपरने घासता कोरडी भुकटी निघेल तेव्हाच दुसरा द्यावा. पेपरला चिकटा लागला तर आणखी एक दिवस थांबावे. चपड्याचे पॉलिश ताजे कालवावे. सहा महिन्यांपूर्वीचे पॉलिश कोणत्याही ऋतूत नीट सुकत नाही. शंका असल्यास काचेवर एक थेंब टाकून पाहावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आम्ही फार मोठी किंमत मोजता मोजता शिकलो. बंद खोलीत कोळशाची वा लाकडाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा जो वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो; प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि गुंगीत माणसाला उठून दार उघडण्याचे सुचत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात अशा शेगडीपायी झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. शिवाय स्पिरिटची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाऊन दूरच्या निखाऱ्यालाही गाठते. रॉकेलच्या स्टोव्हने हवा गरम होते, पण एक लिटर रॉकेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने त्याच हवेत येते. म्हणजे ज्या ओलाव्याला घालवायचे, तोच आपण वाढवितो. म्हणून ऊब द्यायची ती लाकडाला, काम सुरू होण्यापूर्वी द्यावी. लेप लावताना तेथे आग नसावी आणि खिडकी थोडी उघडी असावी. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी तर कधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती आपोआप तापतात आणि ढिगात पेट घेतात. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत अथवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावीत.

आता मजुरीचे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. 22 तारखेच्या संध्याकाळी समिती बसली. आम्ही उभे राहून सांगितले की, मिस्त्रींनी आम्हांला अगोदरच बजाविले होते, आग्रह आमचा होता, शेगडीही आमचीच होती, आणि काल आम्ही बोलायला हवे होते ते बोललो नाही. ज्यांनी स्पिरिटाचा संशय घेतला होता ते गृहस्थच प्रथम म्हणाले की, मिस्त्रींची क्षमा मागावयास आपणही येतो. पूर्ण मजुरी, मुलाच्या औषधपाण्याचा खर्च आणि त्याचे बुडालेले दिवस, एवढे सर्व त्याच रात्री मिस्त्रींच्या घरी पोचते झाले. पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या पुस्तकात, मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे, मग तो मजूर स्वकीय असो वा परका. आमचा सूर्य दोनदा मावळून गेला होता.

त्या वर्षीची मध्यरात्रीची मिस्सा चार पांढुरक्या आणि चार कोऱ्या बाकांवर झाली. त्यामुळे कोणाची प्रार्थना उणी पडली असे आम्हांला तरी दिसले नाही. फेब्रुवारीच्या एका स्वच्छ दुपारी मिस्त्री मदतनीसाला घेऊन आले. जेमतेम ओलसर असा स्पिरिटचा बोळा त्यांनी त्या पांढऱ्या थरावरून अलगद, न थांबता फिरविला. लाख किंचित मऊ झाली, अडकलेला ओलावा निघून गेला आणि सागवानाचा रंग पुन्हा वर आला. खरवडण्याची गरजही पडली नाही. दोन महिन्यांपूर्वी आम्ही ज्याला सत्यानाश म्हणत होतो, त्याला वास्तविक एका उन्हाची वाट पाहायची होती.

सिराखच्या बोधग्रंथातील 38 व्या अध्यायात सुतार, लोहार, कुंभार यांचे जे वर्णन आहे, ते वाचकांनी सवड काढून अवश्य वाचावे. सभेत त्यांना मानाची जागा मिळत नाही, पण त्यांच्यावाचून नगर वसत नाही, असा त्याचा आशय आहे. प्रभू येशूला त्याच्या गावचे लोक सुतार म्हणूनच ओळखत असत. आणि पोप बारावे पायस यांनी 1955 साली 1 मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. आपण त्या सणाला संत योसेफाच्या मूर्तीपुढे फुले ठेवतो. परंतु आपल्या अंगणात जो सुतार उभा असतो, तो "आता नको" असे सांगू लागला की त्याचे ऐकून घेत नाही. संत योसेफाचा मान त्या अंगणातही राखावयाचा असतो.

म्हणून या आगमनकाळात ज्यांच्या घरी टेबल अथवा पाळणा पॉलिशची वाट पाहत असेल, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, हवा कोरडी आणि उबदार नसेल तर तो तसाच राहू द्या. ओलसर फडक्याने धूळ टिपा, कोरड्या फडक्याने पुसा, वर धुतलेला पांढरा रुमाल अंथरा. बाळ येशू गव्हाणीत निजला, आणि त्या गव्हाणीला कोणी पॉलिश केले होते असे शुभवर्तमानात कोठे लिहिलेले नाही. आणि मिस्त्रींकडे काही देणे राहिले असेल, तर ते मात्र नाताळाच्या आत चुकते करा. त्याला कोणतीही हवा प्रतिकूल नसते.